रंग काढायचा, पण कधी?

हॉस्टेलच्या उघड्या पॅसेजमध्ये फोनवर बोलताना भिंतीला टेकून उभं राहिलं की पाठीवर पांढरा पट्टा उमटतो. मेसच्या रांगेत असे पाच-सहा पट्टेवाले रोज दिसतात! आपण म्हणतो, ‘भिंतीचा रंग लागला’. पण ही भिंतीने दिलेली नोटीस आहे मित्रांनो. रंगात मुख्य गोष्टी दोन. एक रंगद्रव्याची बारीक पूड आणि दुसरं म्हणजे ती पूड धरून ठेवणारं चिकट माध्यम. ऊन-पावसाने वर्षानुवर्षं हे माध्यम कुजत जातं आणि वर नुसती पूड उरते. भिंतीवरून तळहात फिरवा. पूड आली तर समजा की त्या रंगाचा भिंतीवरचा हक्क संपला. (मात्र भिंतीला चुना असेल तर तो नवा असतानासुद्धा थोडा हाताला लागतो, त्यावरून निकाल देऊ नये.)

‘घराला रंग काढला’ हा वाक्प्रयोग मला लहानपणी अजिबात कळायचा नाही. शाळा कॉन्व्हेंटची, घरी मराठी. रंग तर लावतात, मग काढला कसा? आता सिव्हिलला आल्यावर पटतं की शब्द एकदम बरोबर आहे. कारण निम्मं काम जुना रंग काढण्याचंच असतं. सैल रंगावर कितीही भारी रंग मारा, तो जुन्याला चिकटणार आणि जुना भिंतीला चिकटलेलाच नाही. पुढच्या वर्षी दोघेही हातात हात घालून खाली!

हे तपासायला लॅब लागत नाही. ब्लेडने रंगावर फुलीसारख्या दोन रेघा ओढायच्या, त्यावर सेलोटेप घट्ट दाबायची आणि झटक्यात ओढायची. टेपवर रंगाच्या खपल्या आल्या तर तो भाग खरवडावाच लागेल. काहीच आलं नाही आणि भिंत फक्त मळली असेल, तर साबणाच्या पाण्याने पुसून बघा. रंग फिका पडला हे खरं तर घर रंगवायचं सगळ्यात लंगडं कारण आहे. पण बहुतेक घरांत तेच एक कारण असतं. तेच आणि लग्न.

माझ्या मते डोळे उघडे ठेवून बघायची गोष्ट म्हणजे ओल. रंगाला फुगे आलेत, पोपडे सुटलेत, की आपण रंगाच्या कंपनीला नावं ठेवतो. पण फुगा आतून येतो. भिंतीतलं पाणी बाहेर पडायला बघतं, रंगाचा पडदा त्याला अडवतो, म्हणून तो फुगतो. भिंतीवर पांढरी, कापसासारखी बुरशी दिसते तीसुद्धा बऱ्याचदा बुरशी नसते. विटा, सिमेंट आणि जमिनीतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पुस्तकात याला एफ्लोरेसन्स असा भलामोठा शब्द आहे. आजी एका शब्दात सांगते, ‘लोणा लागलाय’. व्हायवात हा शब्द चालला असता तर किती बरं झालं असतं! ओळखायची खूण सोपी आहे. थेंबभर पाणी लावलं की क्षार बहुधा विरघळून दिसेनासे होतात, बुरशी तशीच राहते.

ओल खालून आली की वरून, हेही भिंतच सांगते. जमिनीपासून गुडघ्या-कमरेपर्यंत डाग आणि वर लाटेसारखी कड असेल, तर पाणी पायातून वर चढतंय. छताकडून खाली उतरणारा आणि पाऊस झाला की मोठा होणारा डाग म्हणजे गळती. शंका असेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून एक-दोन दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ते खोलीतल्या हवेचं.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, जांभ्याचं. यंदा घरी यावरून चांगलीच जुंपली. कोकणात घर रंगवायचं ते गणपतीच्या आधी, कारण चाकरमानी येणार. बाबांना बाहेरच्या खोलीला चुन्याऐवजी ऑइलपेंट द्यायचा होता. पैसे बाजूला काढलेले, रंगारी ठरलेला, तो म्हणाला, ‘काय्येक होणार नाही, दोन हात मारून देतो.’ आजीचं एकच पालुपद, ‘भिंत अजून रडतेय.’ परीक्षा संपवून मी घरी होते, म्हणून प्लॅस्टिकचा प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या बाजूला थेंबच थेंब.

इथेच मला एक गंमत कळली. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर रंग काढायचा रिवाज बसला तो चुन्याच्या काळात. भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे पुन्हा दगडच. चुना मारण्याआधी भिंत मुद्दाम ओली करतात. शिवाय त्याचा थर वाफ अडवत नाही, भिंत श्वास घेत राहते. त्यामुळे पावसाळ्यातली दमट भिंत चुन्याला चालते. ऑइलपेंटचं उलट आहे, त्याला कोरडी भिंत लागते. आपण रंग बदलला, पण मुहूर्त तोच ठेवला! बाबांना हे एवढं पटलं. यंदा त्या भिंतीवर पुन्हा चुनाच झाला, थोडी नीळ घालून.

पण ओल आली कुठून? अंगणात पूर्वी शेण-मातीची जमीन होती, आता काँक्रीट आहे. पागोळ्यांचं पाणी त्यावर आपटतं आणि भिंतीच्या पायावर उडतं. म्हणून रंगासाठी काढलेल्या पैशांतून आधी पन्हळ बसवली. ऑइलपेंटचं मार्चमध्ये बघू, तेही प्लॅस्टिक पुन्हा लावून.

भेगांचं थोडक्यात सांगते. गिलाव्यावरच्या केसासारख्या, जाळीदार भेगा लांबी भरून झाकता येतात. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, दोन-तीन महिन्यांनी बघा. भेग खुणेपुढे गेली असेल, तर रंगाऱ्याला नाही, इंजिनिअरला बोलवा. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. कार्डाची कड भेगेत सहज शिरत असेल तरीही तेच.

स्लॅबच्या खाली किंवा छज्जावर तपकिरी डाग आणि सळईच्या रेषेत सरळ भेग दिसली, तर रंगाचा विषयच सोडा. काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेरा असतो तोवर आतली सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की तो नऊच्या आसपास उतरतो आणि सळई गंजायला लागते. म्हणजे जी क्रिया चुन्याला पक्कं करते, तीच सळईचं कवच काढून घेते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. अशा छज्जाला सणासाठी रंग फासणं म्हणजे धोका झाकणं, कारण खाली मुलं खेळत असतात. उलट सुस्थितीतल्या काँक्रीटवर बाहेरून चांगला रंग वेळेवर बसला तर पाणी आणि हवा दोन्ही उशिरा आत जातात. बाहेरच्या रंगाला शोभेपेक्षा हे काम जास्त आहे. त्यातही जिकडून पावसाची झड येते ती भिंत आधी बघावी. आमच्याकडे ती पश्चिमेची. चारही बाजू एकदमच रंगवल्या पाहिजेत असा काही कायदा नाही. खिडक्यांचे गज मात्र भिंतींची वाट बघत नाहीत. गंजाचा पहिला ठिपका दिसला की घासून रेड ऑक्साइड मारून टाकायचं.

आणि घासण्यावरून आठवलं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असा जुना रंग कोरडा घासू नये. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने घासावा, खाली प्लॅस्टिक अंथरावं, निघालेला गाळ गोळा करावा आणि तेवढे दिवस मुलांना मामाकडे पाठवावं.