बेत, तरतूद आणि बेगमी

रोहिणी नक्षत्र सरत आलें म्हणजे अमरावती-अकोल्याकडील गांवोगांवच्या पारांवर एकच विषय निघतो: यंदाचें कसें? कोणी म्हणतो, 'बेत ठरला'. कोणी म्हणतो, 'तजवीज केली'. कोणी म्हणतो, 'तरतूद झाली'. ऐकणारा या सर्वांचा अर्थ एकच समजतो. आम्हीं महसूल खात्यांत जन्मभर कारकुनी केली व हेच शब्द कागदोपत्रीं लिहिले. ते एकमेकांच्या जागीं वापरले तर काय होतें, हें स्वतःच्याच एका चुकीवरून सुज्ञ वाचकांपुढें मांडावें, असें मनांत आलें.

सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत विदर्भांत मोठी गारपीट झाली, तिचें स्मरण वाचकांस असेलच. पंचनामे झाले, याद्या वर गेल्या. त्या दिवसांत पूर्णाकांठचे एक वयोवृद्ध खातेदार आमच्याकडे विचारपूस करावयास आले. वरून आलेला कागद समोरच होता. तो पाहून आम्हीं सांगितलें, 'काका, तरतूद झालेली आहे.' काका हात जोडून निघून गेले. त्यांच्या घरीं तरतूद झाली म्हणजे ज्वारी कोठींत पडली, असा अर्थ. त्या भरंवशावर त्यांनीं बैलजोडीचा सौदा करून इसार दिला. कागदांतील तरतुदीचा अर्थ मात्र एवढाच होता, कीं खर्चासाठीं जागा राखून ठेवली आहे. रक्कम अद्याप वांटपास निघालेली नाहीं. सौद्याची मुदत टळली, इसार बुडाला, आणि पेरणी भाड्याच्या बैलांवर उशिरानें झाली. काका पुन्हां आले, पण रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, 'बाबूजी, तुमी तं म्हनलं होतं का तरतूद झाली. मंग ते गेली कुठी?' आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. कागद खोटा नव्हता, आम्हीही खोटें बोललों नव्हतों. पण शब्द आमचा होता आणि नुकसान त्यांचें झालें.

'तरतूद' हा शब्द अरबी 'तरद्दुद' यावरून आला. त्याचा मूळ अर्थ येरझार, आणि त्यावरून खटपट व चिंता. मोगल अमदानींतील महसुली कागदांत जमीन लागवडीस आणण्याच्या खटपटीसही हाच शब्द आढळतो. 'बेगमी' हा शब्द फारसी आहे. 'बे' म्हणजे वांचून आणि 'गम' म्हणजे दुःख, काळजी. ज्या सांठ्यामुळें काळजी मिटते ती बेगमी. म्हणजे तरतुदींत काळजी चालू असते, बेगमींत ती संपलेली असते. आपल्या घरांतील बायका या बाबतींत सहसा चुकत नाहींत. सरपण, गोवऱ्या, डाळी, कुरड्या घरांत आल्यावांचून पावसाळ्याची बेगमी झाली, असें त्या म्हणत नाहींत. गुरांपुरतेंच बोलावयाचें तर कडबा घ्यावा असें मनांत आलें, तो बेत. कोणाकडून, केव्हां व कशा भावानें घ्यावयाचा हें ठरविलें, ती तजवीज. त्यासाठीं पैसे बाजूस काढले, ती तरतूद. आणि कडबा-कुटार गंजीस लागलें, ती बेगमी.

बियाण्याचेंही असेंच आहे. पूर्वीं कपाशीची सरकी घरचीच राखीत, ती खरी बेगमी होती. पुढें संकरित कपाशी आली, आणि २००२ सालीं बी.टी. वाणांस परवानगी मिळाल्यावर तर त्यांनीं सारें शिवार व्यापलें. हें बियाणें दरसाल विकत घ्यावें लागतें. तेथें बेगमी गेली, तरतूद तेवढी उरली. सोयाबीनचें तसें नाहीं. त्याच्या सरळ वाणाचें बियाणें घरीं राखतां येतें. परंतु पोतें भरून ठेवलें म्हणजे बेगमी झाली, असें समजूं नये. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे व सात-आठ दिवसांनीं मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरीं ३० किलो बियाणें पुरे. कमी उगवले तर त्या मानानें बियाणें वाढवावें, आणि फारच कमी उगवले तर तें बदलावें. या मोजणीस आमचे जुने लोक 'अदमास' म्हणत.

तहान लागल्यावर विहीर खणणें, असें आपण निष्काळजी माणसाविषयीं म्हणतों. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत तेवढीही सोय नाहीं. तेथें विहीर खणली तरी बहुधा खारेंच पाणी लागतें. पावसाचें गोडें पाणी शेततळ्यांत आधींच धरून ठेवावें लागतें. बेत आणि बेगमी यांतील अंतर तेथल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं.

'योजना' हा शब्द संस्कृत 'युज्' म्हणजे जोडणें, या धातूपासून झाला. साधनें कामास जोडणें ती योजना. १९५१ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या आणि २०१७ मध्यें त्यांची परंपरा थांबली. पण तेवढ्या काळांत शब्दाचा धनी बदलला. आतां 'यंदा काय योजना?' असें विचारावें, तर 'अजून आली नाहीं' असें उत्तर मिळतें. सरकारी साह्य मिळेल तें अवश्य घ्यावें, त्यांत कमीपणा नाहीं. परंतु योजना आपण करावयाची असते, ती केवळ यावयाची नसते, हें विसरूं नये.

शेवटीं वाचकांस एक लहानशी सूचना. कचेरींत, बँकेंत किंवा सोसायटींत 'तरतूद झाली' असें कोणी सांगितलें, तर नम्रपणें पुढचा प्रश्न विचारावा: 'रक्कम मंजूर झाली, कीं वितरित झाली? माझ्या खात्यांत केव्हां पडेल?' आणि ती पडेपर्यंत कोणास इसार देऊं नये. आमच्या जागीं आज जे कारकून बसले आहेत, त्यांसही आमची विनंती आहे. दारीं आलेल्या शेतकऱ्यास कागदांतला शब्द तसाच उचलून देऊं नये; पैसे आले नसतील, तर 'अजून आले नाहींत' असें उघड सांगावें. आम्हीं त्या दिवशीं तेवढें सांगितलें असतें, तर काकांची पेरणी वेळेवर झाली असती.