एका पासपोर्टाचा अंत

परगांवीं निघालेल्या मुलाच्या हातीं ओळखीच्या गृहस्थाच्या नांवें चिठ्ठी द्यावयाची चाल आपल्याकडे जुनी आहे. पासपोर्ट म्हणजे मूलतः अशीच एक चिठ्ठी होय. भारतीय पासपोर्टांत राष्ट्रपतींच्या नांवें अशी विनंती असते कीं, या पुस्तिकेच्या धारकास निर्वेधपणें जाऊं द्यावें आणि गरज पडल्यास त्यास साह्य व संरक्षण द्यावें. चिठ्ठीचें वजन ती लिहिणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर अवलंबून असतें. पण लिहिणाराच नाहींसा झाला तर? ऑस्ट्रियाचे विख्यात लेखक स्टेफान झ्वाइग यांच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर मिळतें.

झ्वाइग यांचा जन्म १८८१ सालीं व्हिएन्ना येथें एका संपन्न ज्यू कुटुंबांत झाला. त्यांच्या तारुण्यांत युरोपमध्यें फिरावयास बहुधा पासपोर्ट लागत नसे. रशिया व तुर्कस्तान यांसारखीं थोडींच राज्यें त्याला अपवाद होतीं. १९०८ च्या अखेरीस ते हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. ग्वाल्हेर, काशी, कलकत्ता अशीं शहरें पाहून ते रंगूनपर्यंत गेले. पुढें अमेरिकाही पाहून आले. हे सर्व प्रवास आपण पासपोर्टाशिवाय केले, असें त्यांनीं आत्मवृत्तांत नमूद केलें आहे.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि हेरांच्या भयानें राज्यांनीं आपापल्या सीमा बंद केल्या. युद्ध संपलें, पण पहारे उठले नाहींत. १९२० सालीं राष्ट्रसंघानें पॅरिस येथें परिषद भरवून बत्तीस पृष्ठांच्या पुस्तिकेचा नमुना ठरविला. त्याच वर्षीं हिंदुस्थानांतही प्रवेशासाठीं पासपोर्टाचा कायदा झाला. तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था कायमची होऊन बसली.

झ्वाइग यांच्याजवळही आतां ऑस्ट्रियाचा पासपोर्ट होता. १९३३ सालीं जर्मनींत नाझींनीं जाळलेल्या पुस्तकांत त्यांचींही पुस्तकें होतीं. १९३४ च्या फेब्रुवारींत पोलिसांनीं शस्त्रांच्या संशयावरून त्यांच्या साल्झबुर्ग येथील घराची झडती घेतली. झडतींत कांहीं निघालें नाहीं. परंतु ज्या घरांत अशी झडती होऊं शकते तें घर आपलें राहिलें नाहीं, हें जाणून ते लंडनला निघून गेले.

१९३८ च्या मार्चमध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला. झ्वाइग यांच्या पासपोर्टावरील छायाचित्र तेंच होतें, सही तीच होती, शिक्काही पुसला नव्हता. मात्र ज्या राज्याच्या नांवें तो शिक्का होता तें राज्यच उरलें नव्हतें. नाझींच्या दारीं नवा पासपोर्ट मागणें शक्य नव्हतें. तेव्हां राष्ट्रहीन माणसांना मिळतो तसा एक कागद त्यांना इंग्रज सरकारकडे मागावा लागला.

या दोन कागदांतील अंतर लक्षांत घेण्यासारखें आहे. पासपोर्टामागें नागरिकाचा हक्क होता. हा नवा कागद म्हणजे यजमानाची कृपा होती, आणि कृपा केव्हांही परत घेतां येते. प्रत्येक सीमेवर चौकशी, प्रत्येक व्हिसासाठीं अर्ज! ज्यांच्या पुस्तकांचीं भाषांतरें देशोदेशीं होत असत, त्यांनाच आतां वकिलातींच्या दालनांत तिष्ठत बसावें लागे. तिकडे व्हिएन्न्यांत त्यांची आई चौऱ्यायशीं वर्षांची होती. फिरावयास गेली म्हणजे ती बाकावर क्षणभर विसावा घेई. नव्या राजवटीनें ज्यूंना बागेंतल्या बाकांवर बसण्याची मनाई केली. त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें ती वारली. मुलगा जवळ नव्हता.

१९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू होतांच, ज्याला हिटलरनें देशोधडीस लावलें तोच माणूस इंग्लंडांत शत्रुराष्ट्राचा प्रजाजन गणला गेला. १९४० सालीं त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालें. पुढें अमेरिकेंतून ते ब्राझीलमधील पेट्रोपोलिस या गांवीं राहावयास गेले. तेथेंच २२ फेब्रुवारी १९४२ रोजीं त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें आपली जीवनयात्रा संपविली.

पासपोर्ट गेल्यामुळें हें घडलें, असें म्हणणें योग्य होणार नाहीं. त्या वेळीं त्यांच्याजवळ ब्रिटिश पासपोर्ट होताच. त्यानें सीमा ओलांडतां येत होती. पण भाषेचे वाचक, जुने स्नेही आणि सुटलेलें घर परत मिळत नव्हतें. तरीही हा कागद क्षुल्लक मानूं नये. तोही ज्यांना मिळाला नाहीं अशा असंख्य ज्यूंना त्या वर्षांत सुटकेची वाटच राहिली नाहीं.

आपल्याकडेही पासपोर्ट देणें न देणें दीर्घकाळ सरकारच्या मर्जीवर होतें. १९६७ च्या एप्रिलमध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, परदेशीं जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षीं पासपोर्टाचा कायदा झाला. अर्ज नाकारावयाचा तर त्याचें कारण लेखी नोंदविण्याचें बंधन अधिकाऱ्यावर आलें. कृपा व हक्क यांतील अंतर असें एका लेखी कारणाएवढें असतें. झ्वाइग यांना तें सबंध आयुष्याएवढें वाटलें होतें.

आपल्या कपाटांतील पासपोर्ट हातीं आला म्हणजे आपण छायाचित्र पाहतों आणि मुदत तपासतों. पुढच्या वेळीं त्या विनंतीच्या चार ओळीही वाचून पाहाव्या. आपल्यासाठीं कोणीतरी शब्द टाकीत आहे, ही गोष्ट तितकी साधी नाहीं.