बावची, पपनस आणि ऊन : एका परिभाषेचा विचार

देवनहळ्ळीचे चकोत, म्हणजे आपले पपनस, भौगोलिक मानांकनामुळे आता सर्वज्ञात झाले आहे. या फळाच्या लिंबू-कुळात फ्युरोकूमारिन वर्गाची द्रव्ये आढळतात. त्यांतील काही अंधारात त्वचेला अपाय करीत नाहीत. परंतु लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर कडक ऊन पडले की फोड येतात. प्रकाशाने सक्रिय होणाऱ्या ज्या द्रव्यांचा जिवाणुसंसर्गाच्या उपचारात आज विचार होतो, त्यांचे हे घरगुती उदाहरण होय.

याच वर्गातील सोरॅलेन बावचीत असते. संस्कृतात ती बाकुची, अवल्गुज, सोमराजी. तर सोरॅलिया या तिच्या जुन्या शास्त्रीय नावामागे खरजेचा वाचक ग्रीक शब्द आहे. एका नावात चंद्र, दुसऱ्यात खरूज. ऊन कोणत्याच नावात नाही. ते विधीत आहे. चरकाच्या कुष्ठचिकित्सेत श्वित्राच्या रोग्याला मलपूचा (काळ्या उंबराचा) रस देऊन यथाबल उन्हात बसविण्यास सांगितले आहे. हे वाक्य सूर्योपासनेचा अवशेष समजून अनुवादकाने गाळले, तर औषधच गळते. केवळ 'यथाबल' गाळले, तर रोगी भाजतो. श्वित्र हा जिवाणूंचा रोग नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावयास हवे. 'कोड' या शब्दाने त्याची कुष्ठाशी गल्लत करून ठेवली आहे.

सूक्ष्मजीवांकडे ही कल्पना निराळ्या वाटेने आली. म्यूनिक येथे ऑस्कर राब यांना ॲक्रिडिन रंगात ठेवलेले पॅरामेशियम उजेडात मरतात, अंधारात तगतात, असे दिसले; हे निरीक्षण १९०० साली प्रसिद्ध झाले. त्यांचे गुरू हेर्मान फोन टापायनर यांनी पुढे या क्रियेस ऑक्सिजन आवश्यक असल्याचे दाखविले. रंगद्रव्य प्रकाश शोषून ती ऊर्जा ऑक्सिजनला देते. क्षुब्ध झालेला ऑक्सिजन जिवाणूच्या आवरणावर, प्रथिनांवर व डीएनएवर एकाच वेळी आघात करतो. प्रतिजैविकाप्रमाणे एकच लक्ष्य नसल्याने जिवाणूंना प्रतिकार कमावणे अवघड जाते. प्रकाश ऊतींत काही मिलिमीटरच शिरतो. म्हणून हा उपाय हिरड्या, जखमा, त्वचा यांपुरता, फुप्फुसाच्या खोल संसर्गासाठी नव्हे. सोरॅलेनची रीत वेगळी : अतिनील किरणांत ते डीएनएचे दोन धागेच एकमेकांस जखडते. दान केलेल्या रक्तातील बिंबिका जंतुमुक्त करण्यासाठी ॲमोटोसॅलेन हे कृत्रिम सोरॅलेन वापरले जाते. अमेरिकेत त्यास २०१४ साली मान्यता मिळाली.

टापायनर यांनी रूढ केलेल्या 'फोटोडायनॅमिक' या संज्ञेचा 'प्रकाशगतिक' हा तर्जुमा मला खटकतो. येथे गती कशाची? 'प्रकाशसक्रिय' त्याहून बरा, परंतु त्यातून ऑक्सिजन निसटतो. ('प्राणवायू' हा शब्द मी मारक क्रियेच्या वर्णनात हेतुतः टाळला आहे.) शिवाय सोरॅलेनला ऑक्सिजनची गरज नसल्याने दोन्ही क्रियांना एकच मराठी संज्ञा लावणे सयुक्तिक नाही.