शिडात उलटा शिरलेला वारा

भंडाऱ्याजवळ वैनगंगेत ढिवरांचे जे डोंगे चालतात त्यांना शीड नसते. वल्हे आणि लांब बांबू एवढ्यावर त्यांचा कारभार निभतो. त्यामुळे आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी ‘टेकन अबॅक’ याचा अर्थ ‘आश्चर्यचकित झालेला’ असा फळ्यावर लिहिला तेव्हा, ‘घेणे’ आणि ‘मागे’ यांच्या संयोगातून आश्चर्य कसे उपजले हे कोडे वर्गात एकालाही सुटले नाही, आणि मास्तरांनीही त्या भानगडीत न पडता पाठांतराचे फर्मान सोडले.

कोड्याची किल्ली समुद्रावर होती. चौकोनी शिडांच्या जुन्या जहाजांवर वारा अकस्मात फिरला, किंवा सुकाणू धरणाऱ्याचे लक्ष चुकले, म्हणजे शीड पुढे फुगण्याऐवजी समोरच्या वाऱ्याने मागे रेटले जाऊन डोलकाठीला चिकटे, आणि चालते जहाज जागीच अडखळे. वारा जोराचा असला तर डोलकाठीचीही धडगत नसे. खलाशांची ही संज्ञा एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावर उतरून सर्वसामान्यांच्या बोलण्यात रुळली. क्रियापदाला लहानसे अव्यय जोडून निराळाच अर्थ उभा करण्याच्या या इंग्रजी रीतीस ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी प्रचारात आणले.

हा उगम ध्यानी घेतला म्हणजे मास्तरांचा अर्थ अपुरा वाटू लागतो. ताजमहाल पाहून मनुष्य थक्क होतो, तेथे हा प्रयोग शोभत नाही. पण तहसील कचेरीत उभा जन्म गेलेला, कधी मान वर न केलेला कारकून भर बैठकीत ‘हे मला मान्य नाही जी’ असे म्हणाला, तर साहेबांची जी अवस्था होईल तिला तो अचूक लागतो. त्यात विस्मयाइतकाच बेसावधपणा असतो आणि बहुधा किंचित अप्रियताही असते. म्हणून ‘आश्चर्यचकित’ या भारदस्त तत्सम शब्दापेक्षा ‘चपापणे’ किंवा ‘हबकणे’ हे आपले साधे शब्दच माझ्या मते त्याला अधिक जवळचे.

आपल्या शब्दांच्या पोटीही अशी विसरलेली चित्रे आहेत. ‘थक्क’ प्राकृतातला, त्याचा मूळ भाव थांबण्याचा, आणि ‘थकणे’ त्याचाच सोयरा. ‘स्तिमित’ म्हणजे संस्कृतात आधी ओले, मग निश्चल. तळ्यांच्या या जिल्ह्यात तरी या शब्दाचे कौतुक व्हावे. नाट्यशास्त्राने अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय सांगितला आणि सात्त्विक भावांत स्तंभाला, म्हणजे शरीर खिळून जाण्याला, स्थान दिले. फारसी अमदानीत आलेल्या शब्दांची दैना मात्र मौजेची: ‘हैराण’ मुळात विस्मयाने गोंधळलेला, तो आमच्याकडे त्रासून गेला, ‘दंग’ मुळात अचंब्याने सुन्न झालेला, तो भजनात रंगून बसला.

इंग्रजाचे आश्चर्य त्याला मागे रेटते, आपले बहुधा जागच्या जागी थांबवते, असा सिद्धांत मी मनाशी मांडला होता. पवनीच्या घाटावर एका वृद्ध नावाड्याला तो शिडाच्या कथेसह मोठ्या उत्साहाने ऐकविला. त्याने बांबू पाण्यात रोवून शांतपणे विचारले, ‘‘आमचा डोंगा त गारात फसला का थांबते जी. वाऱ्याचं काय काम?’’ गार म्हणजे गाळ. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. मी चपापलो.