पाणंदीची सायकल

आमच्या पडवीत वडिलांची काळी सायकल अजून आहे. तिच्या टायरवर '२८ × १½' हा आकडा मी वर्षानुवर्षे वाचत आलो. त्याचा अर्थ लागला तो कासच्या रस्त्यावर थांबलेल्या एका ग्रॅव्हल सायकलमुळे. तिच्या टायरवर '७०० × ४०' असे छापले होते. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. रुंदी जवळपास तीच. रिमचा व्यास काळ्या सायकलीचा ६३५, तर हिचा ६२२ मिलिमीटर. बारीक खडी आणि मुरूम यांवर चालणारे चाक आपल्याकडे दुधाच्या किटल्या आणि वैरणीचे भारे वाहत होतेच.

माउंटन बाइकचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातील तरुण डोंगरावरून सायकली खाली सोडीत. म्हणून रुंद, गाठीदार टायर आणि पुढे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आले. ग्रॅव्हल सायकल वाढली ती कॅन्सासमधल्या कुरणांमधून जाणाऱ्या खडीच्या रस्त्यांवर. तिथल्या एम्पोरियाची शर्यत २००६पासूनची. पहिली जागतिक स्पर्धा २०२२ साली इटलीत झाली.

आता आपला मुलूख पाहा. यवतेश्वरचा घाट डांबरी, पुढे वाड्यावस्त्यांकडे मुरूम. सांगलीकडे कृष्णाकाठच्या उसातून पाणंदी. डांबरावर गाठी ओढ धरतात. चढावर उभे राहून पायडल मारले की थोडा जोर स्प्रिंगमध्येच जिरतो. स्वस्त शॉकअ‍ॅब्सॉर्बर तर वजनच वाढवतो. दिवसभरात डांबर आणि मुरूम दोन्ही तुडवणाऱ्याला ग्रॅव्हल सायकल पटते, ती यामुळे.

अर्थात सुट्या धोंड्यांच्या उतारावर माउंटन बाइकच हवी. पावसाळ्यात काळ्या मातीपुढे दोघीही हरतात. चिखल चाकात भरला की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आणि कासच्या सड्यावर, फुलांमध्ये, कोणतीच सायकल घालू नये.

मला काळजी आहे ती वस्तीवरून हायस्कूलला सायकलने जाणाऱ्या मुलीची. ग्रॅव्हल सायकल तिच्या घराला परवडत नाही. म्हणून दुकानात तिच्यापुढे जाड टायरची, स्प्रिंगवाली जड सायकल येते. तिला वाकडे हँडल नको की स्प्रिंग नको. वडिलांच्या सायकलीचे चाक, बेताचे वजन, चार-सहा गिअर आणि पावसात धरणारे ब्रेक, एवढे तिला पुरे. अशी सायकल बनवणे अवघड नाही. गिऱ्हाइकांनी ती मागायला हवी.