दारू सोडायची आहे? मग मीटिंगला चला!

‘उद्यापासून थेंब घेणार नाही,’ अशी शपथ देवापुढे किंवा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली माणसे गावोगाव आढळतात. कित्येकांची शपथ आठवड्यातच मोडते आणि घरचे म्हणतात, ‘याच्या मनातच नाही.’ वस्तुतः मद्यपाश हा आजार आहे व तो पुन्हा पुन्हा उलटतो. एकट्याच्या निर्धारावर तो आटोक्यात ठेवणे फार अवघड जाते. अशा वेळी आधार देणारी, फी न घेणारी जागा म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, अर्थात ‘एए’ची मीटिंग.

एका फोनने सुरुवात

मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे शेअर दलाल बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतीलच ॲक्रन शहरी गेले होते. त्यांची दारू सुटून काही महिनेच झाले होते. व्यवहार फिसकटला, हॉटेलातला बार खुणावू लागला. तेव्हा त्यांनी एका चर्चच्या धर्मगुरूंना फोन केला आणि बोलायला आपल्यासारखाच कुणी पिणारा शोधला. त्यातून सर्जन डॉ. बॉब स्मिथ भेटले. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा ‘एए’चा स्थापना दिवस मानतात. एका मद्यपीला दुसरा मद्यपीच नीट समजून घेतो, हे या चळवळीचे सूत्र.

याला शास्त्रीय आधारही आहे. २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णाला पद्धतशीरपणे ‘एए’शी जोडून देणारे उपचार दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरतात, असे त्यात आढळले.

पत्ता कुठे मिळेल?

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावरही सल्ला मिळतो. मीटिंगचा वार, वेळ व जागा विचारताना ती ‘खुली’ की ‘बंद’ हेही विचारा. बंद मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेलेच बसतात. खुल्या मीटिंगला पत्नी, आई-वडील, डॉक्टर कुणीही जाऊ शकते.

आत काय होते?

साधारण तास-दीड तास लोक खुर्च्या मांडून बसतात. एक जण सूत्रसंचालन करतो. ज्याला बोलावेसे वाटेल तो फक्त पहिले नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि आपला अनुभव सांगतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, उपदेश करत नाही. नवा माणूस गप्प बसून ऐकू शकतो. शपथ किंवा लेखी हमी मागत नाहीत. वर्गणी नाही, पिशवी फिरते, त्यात इच्छा असेल तर सदस्य पैसे टाकतात. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे. जात, धर्म, पक्ष यांचा संबंध नाही. स्त्रियांनाही दार तितकेच उघडे आहे.

‘तिथे कुणी ओळखीचा भेटला तर?’ ही भीती लहान गावात खरीच असते. पण तो भेटलाच तर त्याच कारणासाठी आलेला असणार! शिवाय तिथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हा नियम सदस्य कसोशीने पाळतात. आयुष्यभराचा विचार करू नका, आजचा दिवस प्यायचे नाही एवढेच पाहा, असे जुने सदस्य सांगतात. निघताना एक-दोघांचे फोन नंबर अवश्य घ्या. आपल्याकडे मीटिंग बहुधा आठवड्यातून एखादीच. मधल्या दिवशी हुक्की आली की हा फोनच कामी येतो.

आधी डॉक्टर

एक सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर हात थरथरणे, घाम, झटके, दोन-तीन दिवसांत भ्रम असे त्रास होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. सकाळी उठल्यावर थरथर थांबवायला प्यावी लागत असेल तर दारू थांबवण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटा. मीटिंग सुरू झाली म्हणून डॉक्टरांची औषधे सोडू नका. तसेच, जेवणातून गुपचूप देण्याच्या औषधांच्या नादी घरच्यांनी लागू नये. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब घसरून मृत्यूही ओढवू शकतो.

घरच्यांसाठी

तो प्यालेला असताना वाद घालू नका. सकाळी शुद्धीवर असताना, थोडक्यात बोला. त्याची उधारी परस्पर फेडणे, कामावर ‘ताप आलाय’ असे खोटे कळवणे बंद करा. तो यायला तयार नसेल तरी खुल्या मीटिंगला तुम्ही जा. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ ही स्वतंत्र चळवळ आहे. तिचा गट जवळ आहे का, तेही विचारा.

एका मीटिंगवरून मत बनवू नका, चार-सहा तरी करा. मध्येच पुन्हा पिणे झाले, तर लाजून घरी बसू नका. शुद्धीवर येताच पुढच्या मीटिंगला जा. अशा माणसाची तिथे हजामत होत नाही; त्याच्यासाठी खुर्ची सरकवून जागा केली जाते.