इंजिन मोठं झालं, हात तेवढाच!

जपानमध्ये या खेळाला ‘यू-कॉन’ म्हणतात. आपल्याकडे कॉलेजात एनसीसीच्या हवाई विभागात जे होते, त्यांना तो ‘कंट्रोल लाइन’ म्हणून आठवत असेल. विमान रिमोटवर नसतं, दोन बारीक पोलादी तारांना बांधलेलं असतं. तारांची दुसरी टोकं उडवणाऱ्याच्या हातातल्या मुठीला. मूठ वर-खाली कलली की पंखातली एक छोटी पट्टी फिरते, तिच्यामुळे शेपटीची फळी हलते आणि विमान चढतं किंवा उतरतं. उडवणारा मध्ये उभा राहून गरगर फिरतो, विमान त्याच्याभोवती. अमेरिकेतल्या जिम वॉकर यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत ‘यू-कंट्रोल’ या नावाने लोकप्रिय केली. जपानी जिभेवर त्याचं ‘यू-कॉन’ झालं.

महायुद्धानंतर जपानला विमानं बनवायला मनाई होती, ती १९५२ मध्ये उठली. त्यानंतरच्या काळात लहानाची मोठी झालेली मंडळी आता सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत आणि त्यातली काही अजून हौसेने ही विमानं उडवतात. ओसाकाची ओ. एस. ही १९३६ पासूनची कंपनी. तिची आणि ‘एन्या’ची छोटी इंजिनं जगभरच्या हौशी लोकांनी वापरली.

योकोहामात आमच्याच इमारतीत असे एक आजोबा राहतात. वय ७८. गोल फिरलं की आताशा त्यांना चक्कर येते, म्हणून त्यांनी स्वतः बनवलेलं बाल्साच्या लाकडाचं विमान आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला देऊन टाकलं. विमान उत्तम, पण २.५ सीसीचं इंजिन झिजलेलं. पंखा हाताने फिरवला तर काही दाबच लागत नव्हता. त्याचे सुटे भाग मिळेनात. जुन्या सामानाच्या दुकानात चांगल्या अवस्थेतलं मिळालं ते ४ सीसीचं इंजिन. मुलगा खूश! मोठं इंजिन म्हणजे जास्त वेग, हे त्याचं सरळ गणित. आजोबांनी मात्र मला एकच विचारलं, “मूठ कोणाच्या हातात असणार आहे?”

प्रश्न महत्त्वाचा होता, कारण अशा विमानात वेगाचा सगळा हिशोब हाताला चुकवावा लागतो. तारेवरची ओढ म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले तारेची लांबी. अकरावीचं फिजिक्स. आमचं विमान ७०० ग्रॅमचं, तारा १६ मीटर, म्हणजे एक फेरी साधारण १०० मीटरची. जुन्या इंजिनावर वेग सेकंदाला २२ मीटरच्या आसपास. ओढ येते सव्वादोन किलोच्या आतबाहेर. नऊ वर्षांच्या मुलाला ती झेपते.

आता मोठं इंजिन. ते जुन्यापेक्षा ७० ग्रॅम जड आणि बसणार नाकावर, तोल बिंदूच्या १५ सेंटिमीटर पुढे. नाक जड झालं की विमान सुस्त होतं, शेपूट जड झाली की नको इतकं चपळ. शेपूट तोल बिंदूपासून ४५ सेंटिमीटर मागे, म्हणून तिथे सुमारे २३ ग्रॅम शिसं लावलं की तोल पूर्वीच्या जागी येतो. एकूण वजन झालं ८०० ग्रॅम. म्हणजे इंजिन ७० ग्रॅमने वाढलं, विमान जवळजवळ १०० ग्रॅमने.

खरा निर्णय पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा. त्यावर दोन आकडे लिहिलेले असतात. ८ बाय ४ म्हणजे व्यास ८ इंच आणि एका फेऱ्यात हवेत पुढे सरकण्याचं अंतर ४ इंच. या दुसऱ्या आकड्याला पिच म्हणतात. स्क्रू लाकडात शिरतो तसंच हे. जुन्या इंजिनावर ८ बाय ४ होता, मिनिटाला साधारण १३,००० फेरे.

४ सीसीवर ९ बाय ६ लावला असता तर? फेरे ११,००० वर आले तरी वेग सेकंदाला २८ मीटर होतो. ओढ ४ किलो, जवळजवळ दुप्पट. फेरी साडेतीन सेकंदांत. तेवढ्या वेळात मुलाने स्वतःभोवती फिरायचं, विमानाकडे बघायचं आणि मूठही सांभाळायची. हे कागदावरच नको वाटलं.

आजोबांनी कपाटातून ९ बाय ४ काढून दिला. व्यास मोठा, पिच तेवढाच. मी घरी येऊन आकडेमोड केली, तर मजा वाटली. पंख्याचा इंजिनावरचा भार ढोबळमानाने व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. आठाचे नऊ इंच झाले की भार १.६ पट. आणि २.५ चे ४ सीसी म्हणजे नेमके १.६ पट! म्हणजे फेरे जवळजवळ तेवढेच राहणार, वेग तेवढाच राहणार, ओढ वजनामुळे अडीच किलोपर्यंत जाणार. मग वाढलेली ताकद जाते कुठे? ती चढावर कामी येते. छोट्या इंजिनाचं विमान वर चढताना किंवा समोरून वारा आला की मंदावतं. वेग घटला की ओढ वर्गाने घटते, तारा सैल पडतात आणि सैल तारेवर मूठ कितीही हलवा, विमानाला काही कळत नाही. या खेळातली भीती वेगाइतकीच सैल तारेचीही असते.

बाकीची कामं मग ओघाने आली. इंजिनाच्या लाकडी पट्ट्यांना नवी भोकं पाडून आतून कडक लाकडाची फळी चिकटवली. व्यास इंचाने वाढला म्हणजे पातं जमिनीला अर्ध्या इंचाने जवळ आलं, म्हणून चाकांची तार लांब केली. टाकी मोठी बसवली. तिच्यातली नळी बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यात ठेवावी लागते, कारण गोल फिरताना इंधन तिकडेच ढकललं जातं. तारा ०.३० ऐवजी ०.३८ मिलिमीटरच्या घेतल्या.

इंधन म्हणजे मिथेनॉल आणि त्यात चक्क एरंडेल! जगात सर्वांत जास्त एरंडेल आपल्या देशात, त्यातही गुजरातेत होतं. लहानपणी नाक दाबून प्यायलेल्या त्या तेलाचा जळका वास जपानी नदीकाठी आला की हसू येतं. मिथेनॉलची ज्वाळा मात्र उन्हात दिसतही नाही, म्हणून मुलाला बाटलीजवळ जायला बंदी आहे.

शेवटी ओढ-चाचणी. स्पर्धांमध्ये स्टंट गटात विमानाच्या वजनाच्या दहापट ओढून तारा आणि जोड तपासतात. आमच्यासाठी ८ किलो. त्याला साधन घरातच होतं. भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा! चकल्या-लाडवांचा भार सोसणारा हा काटा मुठीला अडकवला, आजोबांनी विमान धरलं आणि मी आकडा आठवर येईपर्यंत ओढलं. काही सुटलं नाही, काही करकरलं नाही. मनगटाला मुठीची सुरक्षा-दोरी सक्तीची आणि आसपास विजेच्या तारा असतील तर उड्डाण नाही. हे दोन नियम आजोबांनी मुलाकडून पाठच करून घेतले.

रविवारी गाडीने तासाभरावरच्या नदीकाठच्या मैदानावर गेलो. आधी मी उडवलं. दहा फेऱ्यांना ४७ सेकंद, हिशोबाच्या अगदी जवळ. मग मुलाच्या हातात मूठ आणि तिच्यावर मागून माझा हात. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर माझा हात नुसताच वर होता. आजोबा वर्तुळाबाहेर खुर्ची टाकून बसले होते, नजर विमानापेक्षा मुलाच्या मनगटावर.

संध्याकाळी साताऱ्याला व्हिडिओ कॉल झाला. बाबांनी नातवाला विचारलं, “अरे, एवढं मोठं इंजिन टाकलंत आणि विमान पळतं पूर्वीएवढंच? मग उपयोग काय रे?”

“आजोबा,” तो म्हणाला, “आता वारा आला तरी तार सैल पडत नाही.”